चित्रपुस्तकांतून कृतज्ञताशिक्षण (बेळगाव सीमाभाग)

साधारणतः तीन ते सहा वर्षांच्या मुलांशी चित्रपुस्तकातील चित्रांवर बोलत, आपल्यासाठी कोणी काय केले याची जाणीव त्यांच्यात रुजवण्याची रीत. येथे बेळगाव, खानापूर व निपाणी परिसरातील मराठी भाषकांच्या संदर्भात तिचा विचार केला आहे.

‘कृतज्ञ’ म्हणजे केलेले जाणणारा. या व्युत्पत्तीत बोलून दाखवणे नाही, जाणणे आहे. ‘आभार’ शब्दातील ‘भार’ मात्र उपकाराच्या ओझ्याकडे बोट दाखवतो. मूळ अर्थ तोच असावा, असे ‘उपकाराखाली दबणे’, ‘ऋण फेडणे’ या वाक्प्रचारांवरून वाटते. घरात आईला ‘आभारी आहे’ म्हटले तर ती म्हणते, ‘मला परकी केलीस काय?’ ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ यातही भर वागण्यावर आहे. त्यामुळे मूल ‘थँक्यू’ म्हणाले नाही म्हणून त्याला जाणीव नाही, असे ठरवणे अन्यायाचे होईल.

ही जाणीव कोणत्या वयात येते, याविषयी एकमत नाही. मानसशास्त्रज्ञ बाउमगार्टन-ट्रामर यांनी १९३८ मध्ये शालेय वयाच्या मुलांच्या उत्तरांवरून कृतज्ञतेचे प्रकार पाडले. त्यांत केवळ शाब्दिक आभार हा एक होता. ग्रीफ व ग्लीसन यांच्या १९८० च्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांची मुले पालकांनी आठवण केल्याशिवाय क्वचितच आभार मानताना दिसली. नेल्सन व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तीन-चार वर्षांच्या वयातील भावना ओळखण्याच्या क्षमतेचा पाचव्या वर्षीच्या कृतज्ञतेच्या समजेशी संबंध दाखवला. चित्रपुस्तकाच्या दृष्टीने हे शेवटचे मत अधिक उपयोगी आहे, कारण चित्रातला चेहरा वाचणे अक्षरओळखीच्या कितीतरी आधी जमते.

रीत साधी आहे. पानावर भाताचे ताट आहे. मूल भातावर बोट ठेवते. ‘कोणी रांधला?’ ‘आईनं.’ ‘तांदूळ कुठला?’ इथून बोलणे शेतापर्यंत जाते. खानापूरच्या मुलाने पावसात इरले पांघरून, वाकून रोपे लावणारी माणसे पाहिलेली असतात. त्याला चित्र समजावावे लागत नाही. निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी आजी घरातच असते. अशी आजी चित्रपुस्तकात फारशी भेटत नाही, ही मोठी उणीव आहे. ‘थँक्यू म्हण’ या तगाद्यापेक्षा ‘हे कोणी केलं असेल?’ हा प्रश्न केव्हाही चांगला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तेव्हाच्या म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. येथील मराठी मुलाच्या कानावर कन्नडही लवकर पडते. ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या मोफत संकेतस्थळावर मराठी व कन्नड दोन्ही भाषांतील चित्रकथा आहेत. एकच चित्र दोन्ही भाषांत दाखवले की ‘आजी’ आणि ‘अज्जी’ एकाच बाईला म्हणतात, हे मुलाला सहज उमगते.

सणांशी सांगड घालणेही सोपे. कर्नाटकी बेंदूर हा बैलांचा सण ज्येष्ठ पौर्णिमेला येतो. बैलाला त्या दिवशी औताला जुंपत नाहीत, त्याचे खांदे मळतात, त्याला पोळी भरवतात. त्या आठवड्यात बैलाचे पान उघडावे. मूल बैलाच्या खांद्यावर बोट ठेवून स्वतःच सांगू लागते.