नॉमिनीचं नाव बघून फॅमिली पेन्शन ठरत नाही हो!

नॉमिनी म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत आहे, बँकेत, एलआयसीत फॉर्म भरताना ज्याचं नाव घालतो तो, त्यावर वेळ घालवत नाही. घोळ पुढे होतो. सरकारी नोकर गेला की घरात पहिला प्रश्न "नॉमिनी कोण?", आणि फायलीत मुलाचं नाव निघालं की आई बिचारी गप्पच होते. अहो, ते नाव जीपीएफ (पगारातून कापून साठलेला भविष्य निर्वाह निधी) आणि ग्रॅच्युइटीपुरतं! फॅमिली पेन्शनला, म्हणजे नोकर गेल्यावर घरच्यांना मिळणाऱ्या पेन्शनला, नॉमिनी नसतोच. ती कुणाला जायची ते नियमातच लिहिलंय, आणि गोवा सरकार या बाबतीत केंद्राचेच पेन्शन नियम चालवतं: आधी बायको किंवा नवरा, मग मुलं, तीही साधारण २५ वर्षांची होईपर्यंत. नोकरीत असताना 'फॅमिली डिटेल्स'चा फॉर्म भरून घेतात ना, तो नुसती घरातल्या माणसांची यादी, त्यालाही लोक नॉमिनेशनच म्हणतात, तिथे माझं डोकं फिरतं.

आमच्या फोंड्याच्या शेजारच्या काकींना काका गेल्यावर दिराने सांगितलं, नॉमिनी थोरला मुलगा आहे, पेन्शन त्याच्या नावावर जाणार, तू ना-हरकत लिहून दे. थोरला ३१ वर्षांचा, धडधाकट, पगारदार, त्याला ती मिळणारच नव्हती! काकी कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्याकडे आल्या, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद) काढला तर आत त्यांचंच नाव आणि दोघांचा जोडफोटो.

गोव्यात याला आणखी एक शेपूट. सिव्हिल कोडप्रमाणे अर्धा वाटा बायकोचा, अर्धा वारसांचा, हे आपल्याला पाठ, म्हणून काही जण पेन्शनसुद्धा घराबागायतीबरोबर इन्व्हेंटरीत (वारसांत इस्टेट वाटायच्या कोर्टातल्या कामात) घालायला निघतात. फॅमिली पेन्शन ही मयताची इस्टेट नाही, सुप्रीम कोर्टाने १९९१ साली व्हायोलेट आयझॅक केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय, म्हणजे मृत्युपत्र करूनसुद्धा ती भावाबिवाला देता येत नाही. जीपीएफचे पैसे नॉमिनीच्या हातात पडतात हे खरं, पण त्यावरचा वारसांचा हक्क हा वेगळा विषय.

रकमेचं थोडक्यात: शेवटच्या बेसिकच्या ३० टक्के, आणि त्यावर महागाई भत्ता. नोकरीत असताना गेले तर पहिली १० वर्षं ५० टक्के. निवृत्तीनंतर गेले तर वाढीव दर ७ वर्षं किंवा ते ६७ चे झाले असते तोपर्यंत, जे आधी येईल ते. काकांनी पेन्शन विकली होती (कम्युटेशन) म्हणून काकींची कमी होत नाही. काकींची स्वतःची नोकरी असली तरी मिळते.

खरी अडचण वेगळीच असते. देवळात लग्न झालं, सिव्हिल रजिस्ट्रेशनला आपल्याकडे दोन सह्या लागतात, त्यातली पहिली केली आणि दुसरी राहूनच गेली, असली जोडपी मी स्वतः पाहिलीत. मग नवरा गेल्यावर लग्नाचा दाखला आणायचा कुठून? घरात कुणी सरकारी नोकरीत असेल तर आज कपाट उघडून तो दाखला आहे का बघा, आणि फॅमिली डिटेल्समध्ये बायकोचं नाव आधार कार्डावर आहे तसंच आहे ना तेही, कारण लग्नाआधीच्या नि नंतरच्या नावापायी काकींना सुद्धा तीन महिने खेपा घालाव्या लागल्या.