स्क्रू या डिसेंबरात, दात पुढच्या

माझा आतेभाऊ न्यू जर्सीत राहतो. डिसेंबरात पुण्याला आला की तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरकडे हजर! "स्वस्त पडतं," म्हणतो. खरंच आहे. तिकडे एका इम्प्लांटला, म्हणजे दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायच्या टायटॅनियमच्या स्क्रूला, वरच्या कॅपसकट (म्हणजे कृत्रिम दातासकट) सहज ३ ते ५ हजार डॉलर लागतात आणि दातांचा विमा वर्षाला बहुधा हजार-दोन हजारांवर हात वर करतो. म्हणून तर मेक्सिकोच्या सीमेवरच्या लॉस अल्गोदोनेस या एवढ्याशा गावात शेकडो डेंटिस्ट आहेत. अमेरिकन पेन्शनर गाडी अलीकडे लावून पायी सीमा ओलांडतात. पण नुसता पैसाच बघायचा तर आतेभावालाही पुण्यापेक्षा मेक्सिको जवळ. पुण्यातला डॉक्टर आत्याच्या खात्रीचा आहे. शिवाय 'दात आंबतात' हे इंग्रजीत कसं सांगायचं?

या सगळ्या हिशेबात हाडाला मात्र कुणी विचारत नाही.

१९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाचे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची नळी नंतर निघेचना. हाड तिला घट्ट चिकटलं होतं. टायटॅनियमवर हवेत लगेच ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा थर येतो. त्यावर रक्तातली प्रथिनं बसतात, मग हाड घडवणाऱ्या पेशी येतात. गंमत पुढे आहे. पहिल्या दिवशी स्क्रू घट्ट असतो तो निव्वळ आट्यांच्या जोरावर, लाकडात बसतो तसा. मग शरीर आजूबाजूचं दुखावलेलं हाड खाऊ लागतं. जुनी पकड सुटत जाते, नवं हाड अजून कोवळं असतं. साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात स्क्रू सगळ्यात कमकुवत असतो, आणि नेमकं तेव्हाच परतीचं विमान! या काळात तो १००-१५० मायक्रॉनहून जास्त, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीपेक्षा थोडा अधिक, हलत राहिला तर हाडाऐवजी तंतुमय ऊतक धरतं आणि स्क्रू वाया जातो.

'दोन दिवसांत पक्के दात' अशा जाहिराती असतात. पकड चांगली असेल तर तात्पुरता दात लगेच बसवताही येतो, पण हाड काही घाई करत नाही.

आतेभाऊ यंदा २१ दिवसांच्या रजेत स्क्रू बसवून गेला. कॅप पुढच्या डिसेंबरात. मधेच काही बिघडलं तर दुसऱ्याने केलेल्या कामाला तिकडचा डॉक्टर हात लावेल का, हे त्याने अजून विचारलेलं नाही.