सामुदायिक प्रतिजैविक वाटप व औषधरोध

एखाद्या वस्तीतील किंवा ठरावीक वयोगटातील सर्वांना, कोण आजारी आहे हे न तपासता, एकाच सुमारास प्रतिजैविक देण्याची पद्धत. रोगाचा फैलाव इतका दाट असतो की औषध घेऊन बरा झालेला रुग्ण शेजाऱ्याकडून पुन्हा बाधित होतो, अशा ठिकाणी ती अवलंबितात. मात्र औषधाचा मारा निरोगी माणसांच्या अंगी नांदणाऱ्या जंतूंवरही होतो, आणि रोधाचा, म्हणजे जंतूंनी औषधाला दाद न देण्याचा, प्रश्न मुख्यतः तेथेच उद्भवतो.

पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षण तळांवर जवानांना सरसकट सल्फाडायाझिन हे सल्फा गटातील औषध देत. तो पहिला प्रयोग, असे एक मत आहे. त्या वाटपाने स्ट्रेप्टोकॉकस या घसा-तापाच्या जंतूचे संसर्ग आधी घटले आणि थोड्याच काळात सल्फारोधी वाण पसरले. मेनिंगोकॉकस या मेंदूज्वराच्या जंतूच्या बाबतीत हाच अनुभव १९६३ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील फोर्ट ऑर्ड छावणीत आला. परंतु सल्फा औषधे संश्लेषणाने बनतात, सूक्ष्मजीवांपासून मिळत नाहीत; म्हणून काटेकोर अर्थाने ती प्रतिजैविके नव्हेत. शिवाय सैन्यतळ म्हणजे मुलाबाळांची वस्ती नव्हे. त्यामुळे यॉज या त्वचा-अस्थिरोगाविरुद्ध १९५० च्या सुमारास हैती आदी देशांत सुरू झालेल्या पेनिसिलीन मोहिमांपासून आरंभ धरणे अधिक सयुक्तिक वाटते. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने साधारण १९५२ ते १९६४ या काळात अंदाजे ५ कोटी लोकांवर उपचार झाले. सक्रिय रुग्ण १० टक्क्यांहून अधिक असल्यास सबंध वस्तीला, ५ ते १० टक्के असल्यास सर्व मुले, रुग्ण व त्यांचे संपर्क यांना, आणि त्याहून कमी असल्यास रुग्ण व निकटवर्तीयांना इंजेक्शन देत. यॉजच्या जंतूत पेनिसिलीनरोध आजवर सिद्ध झालेला नाही. रोधाची चिंता दीर्घकाळ मागे पडली ती बहुधा यामुळेच.

आजच्या वाटपात मुख्य औषध ॲझिथ्रोमायसिन हे आहे. खुपरी (ट्रॅकोमा) या नेत्ररोगासाठी शरीरभाराच्या दर किलोग्रॅमला २० मिग्रॅ., कमाल १ ग्रॅ., असा एकच डोस देतात. यॉजसाठी ३० मिग्रॅ., कमाल २ ग्रॅ. गावात तराजू घेऊन हिंडण्यापेक्षा खुणा केलेल्या काठीने उंची मोजून मात्रा ठरविणे सोयीचे पडते. दर मिलिलिटरला ४० मिग्रॅ. औषध असलेल्या द्रवातून १० किग्रॅ. वजनाच्या मुलाला खुपरीसाठी ५ मिलि. द्यावे लागते. पूड कालवताना पाणी अधिक पडले तर सर्वांनाच मात्रा कमी पडते. बाटली हलवायची राहिली, तर गाळ तळाशी बसतो. पहिल्या मुलांना औषध कमी मिळते आणि शेवटच्यांना जास्त. मूल उभे किंवा ताठ बसलेले असावे. रडणाऱ्या मुलाचे नाक दाबून औषध पाजल्यास ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका असतो. खुपरीच्या मोहिमेत सहा महिन्यांखालील अर्भकांना पोटात औषध न देता टेट्रासायक्लीनचे १ टक्क्याचे नेत्रमलम दिवसातून दोनदा, सहा आठवडे लावतात.

रोधाचे मूळ या औषधाच्या सोयीतच आहे. शरीरातील त्याचा अंतिम अर्धायुकाल (पातळी निम्मी होण्यास लागणारा काळ) सुमारे ६८ तास असल्याने एक डोस पुरतो. पण शेवटचे कित्येक दिवस औषधाची पातळी जंतू मारण्याइतकी नसते, मात्र रोधी जंतूंना वरचढ होऊ देण्याइतकी असते. औषध जंतूच्या रायबोसोमच्या (प्रथिने बनविणाऱ्या पेशीघटकाच्या) मोठ्या घटकाला चिकटून प्रथिननिर्मिती अडवते. अर्म जनुकाचे विकर ती जागाच मेथिलित करते, म्हणजे तिला मेथिल गट जोडून बदलते, त्यामुळे तेथेच चिकटणारे क्लिंडामायसिन हे दुसरे प्रतिजैविकही निकामी होते. मेफ जनुकाचा पंप औषध पेशीबाहेर फेकतो, पण त्याने येणारा रोध सौम्य असतो.

इथिओपियातील खुपरीच्या एका अभ्यासात तीन महिन्यांनी एक अशा वाटपानंतर, वर्षभरात नाक-घशात रोधी न्युमोकॉकस (न्यूमोनियाचा जंतू) असलेल्या मुलांचे प्रमाण ३.६ वरून ४६.९ टक्क्यांवर गेले. औषध न दिलेल्या गावांत ते ९.२ टक्के होते. वाटप थांबल्यावर हे प्रमाण उतरते, पण सावकाश. खुपरीच्या जंतूत मात्र वाटपामुळे आलेला रोध आढळलेला नाही. यॉजचे तसे नाही : पापुआ न्यू गिनीतील लिहिर बेटावर २०१३ मधील एका फेरीनंतर रोग झपाट्याने घटला, पुढे पुन्हा डोके वर काढू लागला आणि काही रुग्णांत ॲझिथ्रोमायसिनरोधी जंतू सापडले.

बालमृत्यू घटविण्यासाठीचे वाटप हा सर्वांत वादाचा भाग. नायजर, मलावी व टांझानिया येथील मॉरडॉर चाचणीत (२०१८) १ ते ५९ महिन्यांच्या मुलांना वर्षातून दोनदा औषध दिल्यावर मृत्यू एकंदर १३.५ टक्क्यांनी, नायजरमध्ये १८.१ टक्क्यांनी कमी झाले. परंतु नायजरमध्ये चार वर्षांनंतर आतड्यातील मॅक्रोलाइडरोधी (ॲझिथ्रोमायसिनच्या गटातील औषधांना दाद न देणारी) जनुके तुलनागटाच्या सुमारे साडेसातपट आढळली, आणि बीटा-लॅक्टम (पेनिसिलीनच्या गटातील) यांसारख्या, न दिलेल्या औषधांचा रोधही वाढलेला दिसला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सरसकट वाटपाची शिफारस टाळली. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत अर्भकमृत्यू हजारी ६० हून किंवा पाच वर्षांखालील मृत्यू हजारी ८० हून अधिक असतील तेथेच, १ ते ११ महिन्यांच्या बालकांसाठी, रोधावर नजर ठेवण्याच्या अटीसह मुभा दिली. वयाची ही मर्यादा औषधाचा वापर आवरण्यासाठी होती. मात्र नायजरमधील अव्हेनिर चाचणीत (२०२४) सर्व ५९ महिन्यांपर्यंतच्या मुलांना औषध दिल्यावर मृत्यू १४ टक्क्यांनी घटले, आणि केवळ अर्भकांना दिल्यावर लक्षणीय घट दिसली नाही. तेव्हा अर्भकांपुरता संकोच हा सावध मध्यममार्ग वाटला, तरी त्यात जीव वाचण्याचा लाभ हुकण्याची शक्यता अधिक दिसते. मृत्युदराची अट आणि ठरावीक काळाने थांबून फेरविचार, ही मर्यादा अधिक ग्राह्य ठरते. नजर ठेवण्यासाठी नाक-घशाचे व गुदमार्गाचे नमुने वाटपापूर्वी आणि नंतर, औषध न मिळालेल्या गावांतूनही घ्यावे लागतात. केवळ लक्ष्य जंतू तपासल्यास वाढलेला रोध नोंदीतच येत नाही.