त्लिंगित वस्तू संग्रहालयांत कशा पोहोचल्या: एका शालीपासून सुरुवात

संग्रहालयातल्या त्लिंगित वस्तूखालच्या पाटीवर सहसा जमातीचं नाव, साहित्य, संग्राहक आणि वर्ष असतं. कूळ नसतं. आग्नेय अलास्काच्या किनाऱ्यावरच्या या लोकांत मात्र पहिला प्रश्न कुळाचाच. समाजाचे दोन भाग: एक डोमकावळ्याचा, दुसरा गरुडाचा. दोन्हींत अनेक कुळं. कूळ आईकडून येतं आणि परंपरेने लग्न समोरच्या भागातच करायचं. कुळाचं बोधचिन्ह असलेली टोपी, शाल, घराचा खांब किंवा एखादं गाणंही ‘अत् ऊव’ ठरतं, म्हणजे पूर्वजांनी मोल देऊन मिळवलेली कुळाची सामाईक ठेव. घरप्रमुख ती सांभाळतो, पण विकण्याचा अधिकार त्याला नाही. संग्रहालयांशी पुढे झालेले बहुतेक वाद या एका गोष्टीवरून झाले आहेत.

या वस्तूंत सर्वांत ओळखली जाते ती चिलकट शाल, त्लिंगितांच्या चिलकट गटाच्या नावाने. पाच-साडेपाच फूट रुंद, वरून सरळ, खाली मध्यभागी टोकदार, बाजूंना आणि खाली लांब झालर. ती कशी होते हे समजलं की तिचं मोल कळतं. लोकर रानटी पांढऱ्या डोंगरी बकरीची, एका शालीला साधारण तीन बकऱ्यांची. चामडं ओलसर ठेवून गुंडाळलं की केस सैल होतात, मग ते उपटून काढायचे आणि राठ केस वेगळे करायचे. उभ्या धाग्यात पिवळ्या देवदाराच्या आतल्या सालीची बारीक पट्टी असते. साल उकळून मऊ करायची, चिरायची आणि तिच्याभोवती लोकर मांडीवर वळायची, आपल्याकडे समईची वात वळतात तशीच. सालीमुळे धाग्याला ताठपणा येतो आणि शाल अंगावरून नीट लोंबते. पट्टी जाड राहिली तर धागा काठीसारखा होतो, पीळ सैल पडला तर साल लोकरीतून बाहेर डोकावते. आडव्या धाग्यात साल नसते, नुसती लोकर. काळा रंग हेमलॉक झाडाच्या सालीचा, पिवळा एका दगडफुलासारख्या शेवाळाचा, निळसर हिरवा तांब्याचा. रंग धरण्यासाठी साठवलेलं मूत्र वापरत.

माग म्हणजे दोन उभे खांब आणि वर एक आडवी दांडी. उभे धागे दांडीवरून खाली मोकळे सुटलेले असतात, त्यांना वजन नसतं. ते मळू नयेत म्हणून जनावरांच्या आतड्याच्या पिशव्यांत बांधून ठेवायचे. धोटा नाही. दोन आडवे धागे उभ्या धाग्यांभोवती बोटांनीच पिळत न्यायचे. नक्षीची फळी पुरुष रंगवीत आणि विणणाऱ्या बायका. फळीवर निम्म्याहून थोडी जास्तच नक्षी असे, कारण दुसरी बाजू तिचंच प्रतिबिंब. सालीच्या तुकड्याने माप घेऊन ती शालीवर उतरवायची.

खरी कसोटी गोलाकाराची. उभ्याआडव्या धाग्यांत वर्तुळ विणलं तर ते पायऱ्यांसारखं दिसतं. म्हणून नक्षीतल्या डोळ्याच्या कडेवर तीन पदरांची वेणी तिरकी फिरवत नेतात, ती पायऱ्या झाकते आणि कड गुळगुळीत दिसते. शाल सलग एका बाजूपासून दुसऱ्या बाजूला विणत नाहीत. छोटे उभे भाग वेगवेगळे विणून एकमेकांत अडकवतात. एखाद्या भागात हात घट्ट पडला की तिथे शाल आत ओढली जाते, आणि पुढचा भाग बसवताना ते लपत नाही. एवढ्या कामाला वर्ष सहज जातं. जुन्या घडणीची जाणकार, चिलकट त्लिंगितांच्या क्लकवान गावच्या जेनी थ्लुनाट यांनी 1985 साली जवळच्या हेन्स इथे नव्या विणकरांचा वर्ग घेतला, आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. आज चिलकट विणणाऱ्या अनेकींची परंपरा त्या वर्गाशी जोडलेली आहे.

काही संग्रहांत शालीचे तुकडे आहेत, त्यांना कडेला नवं कापड शिवलेलं. ते फाटलेलं सामान समजणं चूक ठरेल. मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ होणाऱ्या मोठ्या भोजनात, कू.ईखमध्ये, समोरच्या भागातल्या पाहुण्यांना मोबदला आणि भेटी दिल्या जात. कधी शाल कापून तिचे तुकडे वाटत, आणि घेणारा त्यांच्या पोटऱ्यांवर बांधायच्या पट्ट्या किंवा कंबरेचा पट्टा करून पुढच्या समारंभात नाचत असे. कापलेला तुकडा म्हणजे झालेल्या देण्याची नोंद.

वस्तू बाहेर जाऊ लागल्या अठराव्या शतकाच्या अखेरीस. मालास्पिनाच्या स्पॅनिश मोहिमेने 1791 मध्ये अलास्कातल्या याकुटाट इथे जमवलेल्या वस्तू माद्रिदच्या अमेरिका संग्रहालयात आहेत, रशियन आणि त्लिंगित यांच्यातल्या 1804 च्या सिटका लढाईच्या सुमाराच्या काही सेंट पीटर्सबर्गच्या कुन्स्टकामेरा संग्रहालयात. खरी लाट आली ती 1880 नंतर. अमेरिकी नौदलातला लेफ्टनंट जॉर्ज एमन्स अलास्कात असताना वस्तू गोळा करत होता, आणि 1888 व 1894 मध्ये त्याने मोठे संग्रह न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयाला विकले. त्याने तपशील बारकाईने नोंदवले. चिलकट शालीबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंच त्याच्या 1907 च्या अभ्यासातून येतं. पण मांत्रिकांच्या दफनघरांतल्या वस्तूही त्याने उचलल्या, आणि त्या कोणी विकू शकत नव्हतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, म्हणून त्याचा हिशेब एका शब्दात होत नाही.

क्लकवानमध्येच जन्मलेला लुई शॉट्रिज फिलाडेल्फियाच्या पेन संग्रहालयासाठी 1912 ते 1932 वस्तू मिळवत राहिला. स्वतःच्या कुळातून त्याने शार्क शिरस्त्राण नेलं. क्लकवानच्या व्हेल हाउस या कुळघराचे कोरीव खांब आणि रंगवलेला पडदा मात्र गावाने दिला नाही. ते 1984 साली गावातून उचलून सिअ‍ॅटलला नेण्यात आले. गावाच्या न्यायालयाने 1993 मध्ये ते परत करण्याचा निकाल दिला आणि 1994 मध्ये ते घरी आले.

मूळ रहिवाशांच्या वस्तू संग्रहालयांनी परत करण्याबाबतचा 1990 चा अमेरिकी कायदा याच पार्श्वभूमीवर वाचायला हवा. त्यात ‘सांस्कृतिक वारसा’ याची व्याख्याच अशी आहे की ती वस्तू समूहाची असते आणि एकटी व्यक्ती ती विकू किंवा देऊ शकत नाही. ‘अत् ऊव’ कायद्याच्या भाषेत बसलं ते इथे. 1899 च्या हॅरिमन या वैज्ञानिक मोहिमेने केप फॉक्स या त्लिंगित गावातून नेलेले खांब 2001 मध्ये परतले. आंगून या त्लिंगित गावावर अमेरिकी नौदलाने 1882 मध्ये तोफा डागल्या तेव्हा वाचलेल्या होडीच्या पुढच्या टोकावरची बीव्हर या प्राण्याची मूर्ती न्यूयॉर्कच्या संग्रहालयाच्या साठ्यात आंगूनच्या वडीलधाऱ्यांनी ओळखली आणि 1999 मध्ये ती परत गेली. माद्रिद आणि सेंट पीटर्सबर्गला हा कायदा लागू नाही.

परत आलेली वस्तू वापरता येईलच असं नाही. लोकर, चामडं, पिसं यांना कसर लागते म्हणून जुन्या संग्रहालयांनी आर्सेनिक आणि पाऱ्याचे क्षार भरपूर वापरले, नोंदी मात्र क्वचितच ठेवल्या. शाल खांद्यावर, टोपी कपाळावर घामात बसते आणि मुलंही तिला हात लावतात. हातात धरायच्या क्ष-किरण यंत्राने पृष्ठभागावरची मूलद्रव्यं कळतात, पण नॅफ्थलीनसारखी सेंद्रिय औषधं त्यात दिसत नाहीत. पूर्ण धुऊन काढायचा उपाय लोकरीवर नाही. सालीचा गाभा वाळून ठिसूळ झालेला असतो, घडी घातली की त्या रेषेवर तुटतो.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयातली कीक्स.आदी कुळाची स्कल्पिन माशाची टोपी नाचण्याइतकी मजबूत उरली नव्हती. कुळाच्या संमतीने तिची त्रिमितीय नोंद घेतली, ऑल्डर लाकडातून यंत्राने आकार कोरला, रंग व बाकीचं काम हाताने पूर्ण केलं. सप्टेंबर 2019 मध्ये जुनो इथल्या समारंभात कुळाने ती स्वीकारली. नव्या टोपीला कुळाची ठेव करण्यासाठी समोरच्या भागाचे साक्षीदार हजर होते. जुनी वॉशिंग्टनला आहे, नाचते ती ही.