दोन डिस्क आहेत, पण बॅकअप कुठे आहे? घरच्या सर्व्हरची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या मराठी घरांत जपण्यासारखं बरंच असतं: मोडी कागद, लग्नांचे फोटो, कॅसेटवर उतरवून ठेवलेली कीर्तनं. यातलं बरंच आता स्कॅन होऊन घरातल्याच छोट्या सर्व्हरवर येतं. त्यात दोन डिस्क असतात आणि एकीवरचं सगळं दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. एक गेली तर दुसरी आहेच, म्हणून घरचे निर्धास्त होतात. पण ही सोय मुळात कशासाठी निघाली, हे समजून घेतलं पाहिजे.

१९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी ‘रेड’ची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून चालवण्याची, कल्पना मांडली. दोन डिस्कवर एकच मजकूर लिहिणं, म्हणजे मिररिंग, हा तिचाच एक प्रकार. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगाचा आणि पैशाचा होता. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी पर्सनल कॉम्प्युटरच्या बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र चालवता येतील का? अडचण त्यांच्या हिशोबातच होती. एक डिस्क सरासरी ३०,००० तास टिकते असं धरलं, तर १०० डिस्कच्या जुडग्यात सरासरी दर ३०० तासांनी एक बिघडणार, म्हणजे दोन आठवडेसुद्धा निभणार नाहीत. म्हणून जादा डिस्कवर प्रत किंवा पॅरिटी (गेलेला भाग हिशोबाने परत काढता येईल अशी जादा माहिती) ठेवायची तजवीज झाली. हेतू एवढाच, की डिस्क गेली तरी काम थांबू नये. चुकून पुसलेली फाइल परत मिळावी, हा त्यामागचा हेतू कधीच नव्हता. एका डिस्कवर पुसलेली फाइल दुसरीवरूनही त्याच क्षणी जाते. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर व्हायरसने घरगुती नॅसवरच्या (नेटवर्कला जोडलेल्या फाइल-साठवणीच्या डब्यांवरच्या) फाइल कुलूपबंद केल्या, तेव्हा मिररिंग कुणाच्याच उपयोगी पडलं नाही.

दुसरी गोष्ट डिस्कच्या आकाराची. त्या काळची स्वस्त डिस्क साधारण १०० एमबीची होती. आज १६ टीबीची डिस्क सेकंदाला २०० एमबीच्या वेगाने सलग भरली, तरी बावीस तास लागतात. बिघडलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवून ती अशी भरण्याला रिबिल्ड म्हणतात. त्यात उरलेल्या डिस्कवरचा प्रत्येक सेक्टर (डिस्कचा लहानसा कप्पा) वाचावा लागतो आणि वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या फाइलखालचे खराब सेक्टर नेमके तेव्हाच उघडे पडतात. शिवाय सगळ्या डिस्क बहुधा एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली सुरू झालेल्या झेडएफएसने (डिस्कवर फाइल मांडून ठेवणाऱ्या प्रणालीने) यावर खरं उत्तर दिलं. त्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्याचा चेकसम, म्हणजे ताळा पाहण्याचा आकडा, वेगळा जपला जातो आणि ठरावीक काळाने स्क्रब ही पूर्ण तपासणी चालवून सगळं ताडून पाहता येतं. २००५ मध्ये हा कोड खुला झाला आणि त्यामुळे आज घरातल्या साध्या मशीनवरही ही तपासणी होऊ शकते. एवढी मोठी गोष्ट फुकट हाती आली आहे, तर महिन्यातून एकदा स्क्रब न चालवण्याला काहीच सबब नाही.

बॅकअपचा इतिहास वेगळ्या वाटेने गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी आरसिंक हा फाइलच्या प्रती पाठवणारा प्रोग्राम काढला. फाइलचा बदललेला भागच पाठवायचा असल्यामुळे मंद लाइनवरूनही दूरच्या गावी प्रत ठेवणं आवाक्यात आलं. पुढे पीटर क्रोग या छायाचित्रकाराने ३-२-१ चा नियम रूढ केला: तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर.

वडोदऱ्यात यातला शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. ३१ जुलै २०१९ ला शहरात एका दिवसात ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची २५ फुटांची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली आणि अनेक वस्त्यांतल्या तळमजल्यांत पाणी शिरलं. सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात असेल, तर अशा वेळी दोन्ही एकदमच जातात. बहुतेक साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आत जातं. भिजलेली डिस्क चालू करून बघण्याचा मोह आवरलाच पाहिजे. ती थेट जाणकाराकडे द्यावी. कोरडी पण मरायला टेकलेली डिस्क असेल, तर आधी डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने तिची पूर्ण इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्यावी आणि पुढचं काम त्या इमेजवर करावं.

बॅकअप आहे म्हणजे रिस्टोअर होईलच, म्हणजे त्यातून फाइल परत मिळतीलच, असंही नाही. ३१ जानेवारी २०१७ ला प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअपच्या अनेक वाटा होत्या. त्यातला नेहमीचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने होतच नव्हता आणि तसं कळवणाऱ्या ईमेल पोचत नव्हत्या. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या डेटाची प्रत. कंपनीने यातलं काहीच लपवलं नाही, दुरुस्तीसुद्धा यूट्यूबवर थेट दाखवली. ही माणसं रोज सर्व्हरच सांभाळणारी होती. घरात तर महिन्यामहिन्यांत कुणी लॉग उघडत नाही. म्हणून वर्षातून दोनदा तरी एखादं फोल्डर रिकाम्या डिस्कवर रिस्टोअर करून त्यातल्या फाइल खरोखर उघडून बघाव्यात.

बोर्ग, रेस्टिक ही आजची साधनं बॅकअप कूटबद्ध करतात, त्यामुळे घराबाहेरची प्रत परक्याच्या हाती पडली तरी चिंता नाही. मात्र पासवर्ड फक्त त्याच सर्व्हरवर असेल आणि सर्व्हरच गेला, तर ती प्रत घरच्यांनाही उघडत नाही. पासवर्ड आणि बोर्गची की (बॅकअप उघडायची किल्ली) कागदावर छापून पुण्याच्या किंवा इंदूरच्या नातेवाइकांकडे ठेवायला द्यावी, आणि ती कुठे आहे हे घरातल्या आणखी एकाला तरी सांगून ठेवावं.