कोची बंदर आणि त्याचा गाळ

२ मे २०२५ रोजी तिरुवनंतपुरमजवळच्या विळिंजम बंदराचं रीतसर उद्घाटन झालं. तिथे किनाऱ्याला लागूनच समुद्र वीसेक मीटर खोल आहे, त्यामुळे जगातली मोठ्यात मोठी कंटेनर जहाजं सरळ धक्क्याला लागतात. उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवरच्या कोचीच्या नशिबी हे सुख कधीच नव्हतं.

गंमत म्हणजे कोचीला बंदर मिळालं तेच गाळाच्या कृपेने. त्याआधी मिरीचा व्यापार कोडुंगल्लूरजवळच्या मुझिरिसमधून चाले; रोमन जहाजंही तिथेच येत. १३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरिसचं मुख बुजलं आणि दक्षिणेला कोचीच्या खाडीची वाट समुद्राला खुली झाली, असं परंपरेने सांगितलं जातं. मग व्यापारीही हळूहळू तिकडे सरकले.

वास्को द गामा १४९८ मध्ये उतरला तो कोळिक्कोडजवळ (कालिकतजवळ), कोचीला नव्हे. कोचीचा नंबर लागला तो भांडणामुळे. १५०० साली आलेल्या काब्राल या पोर्तुगीज दर्यावर्दीचं कोळिक्कोडच्या राजाशी, सामुतिरीशी, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या झामोरिनशी, बिनसलं. त्याने शहरावर तोफा डागल्या आणि तो कोचीला आला. कोचीच्या राजाला सामुतिरीचं वर्चस्व झुगारायचंच होतं. त्याने पोर्तुगीजांना मिरी दिली. १५०३ मध्ये सामुतिरी चालून आला, तेव्हा राजाला वायपीन बेटावर आसरा घ्यावा लागला. पोर्तुगीजांनी त्याला गादी परत मिळवून दिली आणि मोबदल्यात किल्ल्याला जागा घेतली. भारतातला तो युरोपीयांचा पहिला किल्ला, पण बांधला माडाच्या ओंडक्यांचा! दगडी तट नंतर आला. १५३० मध्ये कारभार गोव्याला हलेपर्यंत पोर्तुगीजांचं मुख्य ठाणं कोचीच होतं. व्हाइसरॉय होऊन परतलेला गामा १५२४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी इथेच वारला. त्याचे अवशेष १५३९ मध्ये पोर्तुगालला नेले. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये आता कठडा घातलेली रिकामी जागा तेवढी आहे, आणि पर्यटक तिचेच फोटो काढतात.

आपल्या वाचकांनी थांबावं अशी जागा मात्र डच काळात आहे. गोव्यातल्या धर्मच्छळातून निघालेली सारस्वत कुटुंबं कोचीत स्थिरावली होती. मट्टनचेरीच्या चेरलाई भागात आजही कोकणी कानावर पडते. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतली. त्यांचा अधिकारी व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. माहिती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलयाळी वैद्य होता, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही. या तिघांचं १६७५ चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं आहे: भाषा कोकणी, लिपी नागरी. मुंबईत नागरी छपाई सुरू होण्याच्या कितीतरी आधी आपली अक्षरं हॉलंडमध्ये कागदावर उमटली ती अशी.

१७९५ मध्ये इंग्रज आले आणि १८०६ मध्ये त्यांनी किल्ला पाडला. पुढची शंभरेक वर्षं कोची तशी मागेच राहिली, कारण पुन्हा गाळ. आत खाडी एवढी ऐसपैस, पण तिच्या तोंडाशी वाळूचा बांध. मोठी जहाजं बाहेर समुद्रात नांगर टाकत आणि माल होड्यांतून ने-आण करावा लागे. पावसाळ्यात तेही अवघड.

१९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो हा अभियंता आला. बांध कापला तर लाटांनी वायपीनचा किनारा खचेल, ही धास्ती जुनी होती. त्याने प्रवाहांचा अभ्यास केला, किनाऱ्याला दगडांचा आधार दिला आणि मग गाळउपसा जहाज कामाला लावलं. २६ मे १९२८ रोजी मुंबईहून निघालेली ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. उपसलेला गाळही वाया गेला नाही. तो खाडीतच भरून सुमारे ७८० एकरांचं विलिंग्डन बेट उभं केलं, आणि त्यावर धक्के, गोदामं, रेल्वे स्थानक आलं. तिथली गोदामं उभी आहेत ती समुद्रतळाच्या चिखलावर.

१९७२ मध्ये इथे जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी झाली. भारतात बांधलेली पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ इथूनच २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. २०११ मध्ये वल्लारपाडम बेटावर कंटेनर टर्मिनल सुरू झालं. त्याच्यासाठी जहाजांच्या वाटेत साडेचौदा मीटर पाण्यात बुडणारी जहाजं जाऊ शकतील एवढी खोली राखावी लागते. दर पावसाळ्यात नद्या नवा गाळ आणून टाकतात, आणि तो उपसण्याचा खर्च बंदराच्या हिशेबात दरसाल लिहावा लागतो. विळिंजमच्या हिशेबात ही रक्कम जवळपास नाहीच.