बंद कम्प्युटरचा एक कान उघडा

झोपायच्या आधी आमच्या आईची एक फेरी असते. गॅसची खालची चावी, मागच्या दाराची कडी, टाकीची मोटर, आणि मग प्रत्येक खोलीत जाऊन बोर्डावरची बटणं. टीव्ही असो की मिक्सर, तिच्या लेखी भिंतीवरचं बटण खाली दाबलेलं असेल तर वस्तू चालूच आहे. एका रात्री ती माझ्या खोलीच्या दारात थांबली. "तुझा कम्प्युटर बंद आहे ना? मग मागून हिरवा लाइट काहून लुकलुकते?"

प्रश्न अगदी मुद्द्याचा होता, कारण मी त्याच लाइटच्या भरवशावर होतो. घर नागपूरच्या महाल भागात, नोकरी मिहानला. बाबांचे स्कॅन केलेले कागद, जुने फोटो, घराच्या टॅक्सच्या पावत्या, सगळं घरच्या कम्प्युटरवर. दुपारी एखादी फाइल लागली की मी आईला फोन करायचो, "त्या डब्ब्याचं मोठं बटण दाब." ती दाबायची, आणि पुढचं काम मी ऑफिसातून करायचो. पण ती भजनाला गेलेली असली की माझी फाइल संध्याकाळपर्यंत अडकायची. कम्प्युटर दिवसरात्र चालू ठेवावा म्हटलं, तर नुसता बसून 60 वॅट खाणारा कम्प्युटर दिवसाला 1.44 युनिट आणि वर्षाला सुमारे 525 युनिट जाळतो. शिवाय मे महिन्यात पारा 45च्या वर गेलेला असताना बंद खोलीत तो एक छोटा हीटरच.

यावरचा उपाय बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये न वापरता पडून असतो. त्याचं नाव वेक-ऑन-लॅन. लॅन केबलमधून हाक मारायची आणि बंद कम्प्युटरनं उठायचं.

बंद असलेलं यंत्र ऐकतं कसं? याचं उत्तर एसएमपीएसमध्ये, म्हणजे भिंतीवरची वीज कम्प्युटरच्या भागांना पुरवणाऱ्या डब्यात आहे. नव्वदच्या दशकातले जुने कम्प्युटर आठवा. त्यांचं बटण खटका असायचं, थेट वीज तोडणारं. विंडोज 95 काम आटोपून काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत सांगायचं की आता तुम्ही मशीन बंद करू शकता, आणि खटका आपण दाबायचा. 1995 मध्ये इंटेलनं एटीएक्स ही नवी रचना आणली आणि खटका गेला. आताचं बटण वीज तोडत नाही, मदरबोर्डला फक्त इशारा देतं. हा इशारा ऐकायला मदरबोर्डचा एखादा कोपरा जागा लागतो, म्हणून एसएमपीएस एका जांभळ्या वायरवरून 5 व्होल्टचा पुरवठा कायम सुरू ठेवतो. पंखा, डिस्क, प्रोसेसर सगळं थंड, पण या 5 व्होल्टवर नेटवर्क कार्डाचा एक तुकडा जागा राहू शकतो. आईला दिसलेला हिरवा लाइट त्याचाच. खर्च साधारण एक वॅटचा धरला तरी वर्षाला पावणेनऊ युनिट.

म्हणजे आपण ज्याला "बंद" म्हणतो त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शटडाउन केलेला कम्प्युटर एक कान उघडा ठेवून झोपलेला असतो. भिंतीवरच्या बोर्डावरून बंद केलेला कम्प्युटर मात्र खरोखर मेलेला, त्याला कितीही हाका मारा. आईची रात्रीची फेरी आणि माझी दुपारची फाइल यांचं जमत नव्हतं ते यामुळेच.

आता ती हाक. तिला मॅजिक पॅकेट म्हणतात. एएमडीनं ह्यूलेट-पॅकार्डच्या सोबतीनं 1995 मध्ये ती मांडली. मोठ्या कंपन्यांत शेकडो कम्प्युटरवर रात्री सॉफ्टवेअर चढवायचं, तर प्रत्येक टेबलापाशी जाऊन बटण कोण दाबणार, ही त्यामागची अडचण. 1997 मध्ये आयबीएम आणि इंटेल यांनी मिळून वेक-ऑन-लॅन या नावानं ही सोय पुढे आणली. हाकेची बांधणी मला फार आवडते, कारण ती मुद्दाम बाळबोध ठेवली आहे. आधी सहा बाइट, ज्यांतला एकूण एक बिट 1 आहे. ही झाली "अरे ऐक!" मग त्या नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे त्याचं कायमचं नाव, लागोपाठ 16 वेळा. मॅक पत्ता 48 बिटांचा, म्हणजे सहा बाइटांचा. तो कारखान्यातच कार्डावर कोरलेला येतो आणि त्याचा पहिला अर्धा भाग कंपनीची ओळख सांगतो. सहा अधिक सहा गुणिले सोळा, झाले 102 बाइट. संपली हाक.

सोळा वेळा कशाला? कारण ऐकणारा अर्धवट झोपेत आहे. त्याच्यापाशी ना प्रोसेसर, ना ऑपरेटिंग सिस्टीम. पाकीट कुठून आलं, कोणत्या नियमानं गुंडाळलंय, हे वाचायची त्याची ऐपत नाही. त्याला फक्त येणाऱ्या बाइटांत स्वतःचं नाव मोजता येतं. ओळीनं सोळा वेळा आलं, की तो मदरबोर्डला ढोसतो. इतर कुठल्या फाइलमध्ये योगायोगानं हीच रांग सापडणं जवळपास अशक्य, म्हणून चुकून जाग येत नाही. वाड्याच्या चौकात उभं राहून वरच्या मजल्यावर घोरणाऱ्याला हाक मारायची, तर "आपल्याशी जरा बोलायचं होतं" म्हणून भागत नाही. नुसतं नावच ओरडावं लागतं.

आणि चौकातच ओरडावं लागतं. झोपलेल्या कम्प्युटरला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर मिळालेला नंबर, उरलेला नसतो, त्यामुळे हाक घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी सोडतात. टीव्ही, प्रिंटर, फोन सगळे ऐकतात, उठतो ज्याचं नाव आहे तोच.

इथवर सोपं आहे. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) ही सोय सुरू करायची, ईआरपी नावाची वीजबचत बंद करायची (ती युरोपच्या नियमांसाठी असते आणि हा उघडा कानच बुजवते), विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप काढायचं आणि नेटवर्क कार्डाला "फक्त मॅजिक पॅकेटनंच उठ" असं सांगायचं. शेवटची खूण विसरलात तर मशीन रात्री-बेरात्री कुणाच्याही चाहुलीनं उठून बसतं. वायफायवर हे प्रकरण बेभरवशाचं. केबल टाका.

मग मी इंटरनेटवरून हाक मारायला गेलो आणि खरी गंमत सुरू झाली. राउटरमध्ये एक दार उघडलं, बाहेरून 9 क्रमांकाच्या पोर्टवर जे येईल ते कम्प्युटरच्या आयपीकडे ढकल म्हणून सांगितलं. कम्प्युटर बंद केला, मोबाइलच्या नेटवरून हाक सोडली. पंखा घरघरला! आईला बोलावून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मिहानमधून हाक मारली, तर ढिम्म. रात्री घरी येऊन पुन्हा करून पाहिलं, चालतं! तीन दिवस हेच.

कारण राउटरच्या स्मरणशक्तीत होतं. कोणता आयपी म्हणजे कोणता मॅक, याची टिपणं राउटर काही मिनिटांपुरती ठेवतो. रात्री कम्प्युटर नुकताच झोपलेला असायचा आणि टिपण ताजं, म्हणून हाक पोचायची. सकाळपर्यंत ते पुसलं जायचं. मग राउटर घरात विचारायचा, "या आयपीचा कोण आहे रे?" उत्तर देणारा तर झोपलेला! हाक दारातच विरून जायची.

मग बाहेरूनच सगळ्या घराला ऐकू जाईल अशी हाक का सोडू नये? पूर्वी सोडता यायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी काही लोकांनी याच वाटेचा गैरफायदा घेतला. एखाद्या नेटवर्कमधल्या सगळ्यांना खोट्या नावानं हाक मारायची, म्हणजे शेकडो उत्तरं त्या बिचाऱ्या नावाच्या धन्यावर कोसळतात. स्मर्फ हल्ला म्हणत त्याला. 1999 मध्ये इंटरनेटच्या नियमावलीत दुरुस्ती झाली आणि बाहेरून आलेली सर्वांसाठीची हाक राउटरनं आत सोडायची नाही, हेच मूळ वागणं ठरलं. रास्तच होतं ते, पण माझी पंचाईत झाली.

त्यातच फायबरवाल्यानं जोडणी बदलली आणि उघडलेलं दारही कुचकामी ठरलं. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता पाहिला, तर सुरुवात 100.72 अशी. 100.64 ते 100.127 ही पट्टी 2012 मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली आहे. आयपीव्ही4 या जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण 430 कोटी, त्यामुळे कंपनी अनेक घरांना मिळून एकच खरा पत्ता देते. आमच्या घराला जगाच्या नकाशावर स्वतःचा नंबरच उरला नव्हता. बाहेरून येणारी हाक कंपनीच्या फाटकापाशी येऊन विचारणार, यातलं कुठलं घर, आणि तिथूनच परत जाणार.

पण फाटकाचा एक नियम आपल्या बाजूचा आहे. आतून कुणी बाहेर बोलायला गेलं, तर त्याचं उत्तर आत येऊ देतात. म्हणजे घरातच कुणीतरी जागं हवं, जे आधीच बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं धरून बसलंय. मी रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कम्प्युटर घेतला, पत्त्यांच्या कॅटएवढा. तो राउटरशेजारी पडून असतो आणि व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटवरच्या खाजगी वाटेनं, बाहेरच्या जगाशी दोरा बांधून ठेवतो. मी ऑफिसातून त्याच्या कानात सांगतो, तो चौकात ओरडतो. पायचे चार वॅट धरले तर वर्षाला 35 युनिट, कम्प्युटरच्या झोपेचे पावणेनऊ, मिळून 44. कुठे 525! शिवाय राउटरवर एकही दार उघडं नाही. कम्प्युटरचा पडदा दुरून पाहण्यासाठी रिमोट डेस्कटॉपचं पोर्ट थेट इंटरनेटवर उघडणाऱ्यांना तर मी हात जोडतो. जागं करणं एकवेळ निरुपद्रवी, ते मात्र चोरासाठी दार लावायचंच विसरण्यासारखं आहे.

राहिली लाइट. जूनच्या पहिल्या वादळात ती गेली, आली, आणि कम्प्युटर पुन्हा बहिरा. बर्डीवरच्या दुरुस्तीवाल्यानं एका वाक्यात सांगितलं, "एकदा चालू करून बंद करा, मग ऐकते." काही मदरबोर्ड असेच असतात. पूर्ण वीज गेली, की कार्डाला "कान उघडा ठेव" असं कुणीतरी नव्यानं सांगावं लागतं, आणि ते सांगणारी ऑपरेटिंग सिस्टीम तर सुरूच झालेली नसते. पाय मात्र लाइट आली की आपोआप उठतो. मग बायॉसमध्ये कम्प्युटरलाही तेच शिकवलं, वीज परतली की सुरू हो. नंतर कुणी वापरत नसेल तर अर्ध्या तासानं स्वतःच बंद हो, हेही लावून दिलं.

पहिल्याच आठवड्यात रात्री 3 वाजता लाइट आली आणि माझ्या खोलीत पंखा घरघरून पडदा उजळला. सकाळी चहा देताना आई म्हणाली, "तुझ्या खोलीत रात्री कोणी उठलं होतं काय रे?" बोर्डावरच्या त्या एका बटणावर आता चिकटपट्टी आहे. ती फेरीत तिथं थांबते, पट्टी चाचपते आणि पुढच्या खोलीत जाते.